दमसास कमी, की माउथपीस बेमेल?

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोळीवाड्यांतील ब्रास बँडवर आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आमच्या रेवदंडा-चौल परिसरात आवडीने वाचला गेला. हळदीच्या रात्री आणि नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत बँडला असलेला मान लेखकाने नेमका टिपला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. मात्र ‘आजच्या मुलांना दमसास उरलेला नाही, म्हणून ट्रॉम्बोन आणि युफोनियम वाजवायला कोणी पुढे येत नाही’ हे लेखातले विधान मला मान्य नाही. ज्या मुलांबद्दल हे म्हटले आहे, त्यांतली निम्मी मुले पहाटे वडिलांबरोबर होडीवर असतात आणि भरलेले जाळे हाताने ओढतात. त्यांच्या छातीत दम नाही, हे निदान किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला पटणार नाही. गेली 38 वर्षे मी बँडमधली ही पितळी फुंकवाद्ये, आधी ट्रॉम्बोन आणि नंतर युफोनियम, वाजवतो आहे. माझा अनुभव असा, की दहांतल्या सात-आठ मुलांची अडचण फुंकेची नसते. वाद्याच्या तोंडाशी बसवलेला चार बोटे लांबीचा माउथपीस त्या वाद्याला किंवा त्या मुलाला जुळत नसतो. मुलाला नावे ठेवण्याआधी माउथपीस तपासावा, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे, आणि ते थोडे लांबणार आहे.

एक प्रसंग सांगतो. आमच्या गावचे, पण मुंबईत स्थिरावलेले एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी गणपतीला आले आणि मुलांसाठी दोन ट्रॉम्बोन व दोन युफोनियम अशी चार वाद्ये देऊन गेले. वाद्ये नवी आणि चांगली होती. देणाऱ्याचा हेतू तर त्याहून चांगला होता. पण ज्या दुकानातून ती घेतली, तेथील माणसाने चारही पेट्यांत एकाच मापाचे माउथपीस घालून दिले. ट्रॉम्बोन वाजवणारी दोन मुले महिन्याभरात सुरात आली. युफोनियमवाल्या मुलांचा मात्र खालचा सा आणि वरचा सा एकमेकांशी जुळेना, आवाजात हवेची सूं सूं ऐकू येई आणि पाऊण तासात दोघे दमून बसत. माउथपीस हलतो म्हणून कोणीतरी त्याच्या देठाला शिवणाचा दोरा गुंडाळून दिला. वर्षभराने एका मुलाने बँड सोडला, आणि ‘पोराला दम नाही’ असा शेरा त्याच्या नावावर बसला. शेरा मारणाऱ्यांत मीही होतो, हे येथे कबूल करतो.

खरा प्रकार कळला तो बंदरावर. बोटींच्या इंजिनांची कामे करणाऱ्या आमच्या मिस्त्रींकडे मी ते युफोनियम दुसऱ्याच कामासाठी, एक व्हॉल्व्ह अडकत होता म्हणून, नेले होते. त्यांनी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे अवजार, लावून माउथपीसचा वाद्यात जाणारा देठ मोजला, वाद्याच्या नळीचे तोंड मोजले आणि विचारले, “हा नट या बोल्टचा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले?” संगीताचा गंधही नसलेल्या माणसाने एका वाक्यात जे सांगितले, ते आम्हा वाजवणाऱ्यांच्या वर्षभरात लक्षात आले नव्हते.

माउथपीसचा जो निमुळता भाग वाद्यात जातो त्याला बँडवाले शँक म्हणतात. मी येथे त्याला देठ म्हणतो. ट्रॉम्बोन व युफोनियमसाठी हा देठ मुख्यतः तीन मापांत येतो. लहान देठाचे टोक साधारण 11 मिलिमीटर जाड असते, मोठ्याचे साधारण 12.7 मिलिमीटर, आणि मधला देठ या दोहोंच्या दरम्यान बसतो. पाहणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटतो, कारण डोळ्यांना दीड-पावणेदोन मिलिमीटर दिसत नाहीत. पण देठ निमुळता असतो आणि त्याचा उतार साधारणपणे वीसास एक असतो. म्हणजे लांबीत 20 मिलिमीटर पुढे गेले की जाडी 1 मिलिमीटरने वाढते. जाडी नुसती अर्ध्या मिलिमीटरने चुकली, तरी माउथपीस 10 मिलिमीटर जास्त आत जातो किंवा तेवढाच बाहेर राहतो. चांगला बसलेला माउथपीस साधारण 20 ते 25 मिलिमीटर आत जाऊन घट्ट थांबतो, हे लक्षात घेतले तर 10 मिलिमीटरची चूक किती मोठी ते कळेल. लहान देठ मोठ्या तोंडात टाकला, तर उताराचा आधार मिळण्याआधीच नळी संपते आणि माउथपीस घंटेच्या लोलकासारखा हलत राहतो. आमच्या युफोनियमचे नेमके हेच झाले होते. दोऱ्याने त्याचे हलणे थांबते, पण देठाचे टोक आत जेथे टेकायला हवे तेथे टेकत नाही, फुंकेच्या वाटेत एक पायरी राहते आणि सप्तकांचे एकमेकांशी असलेले नाते बिघडते. मुलाने मग ओठ आवळून सूर ओढायचा, आणि ओठ आवळले की दम लागतो, हे ओघाने आलेच.

कोणत्या वाद्याला कोणता देठ लागतो, हे वाद्याच्या नावावरून ठरत नाही, आणि दुकानांतला गोंधळ येथूनच सुरू होतो. ट्रॉम्बोनमध्ये नळीचा आतला व्यास साधारण 12.7 मिलिमीटर असलेली लहान वाद्ये लहान देठ घेतात, साधारण 13.9 मिलिमीटर नळीची मोठी वाद्ये आणि बेस ट्रॉम्बोन मोठा देठ घेतात. युफोनियमची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. शिकणाऱ्यांसाठी बनवलेली बरीच तीन व्हॉल्व्हची युफोनियम लहान देठाची असतात, आजची मोठी चार व्हॉल्व्हची वाद्ये बहुतेक मोठ्या देठाची असतात, आणि 1970 च्या दशकापूर्वीची जी ब्रिटिश वाद्ये लष्करी बँडांतून व जुन्या संस्थांतून फिरत फिरत आपल्याकडे आली, त्यांतल्या अनेकांना मधला देठ लागतो. हे मधले माप आपल्या बाजारात सहसा ठेवलेले नसते. त्यामुळे आजोबांच्या काळातले उत्तम युफोनियम ‘सूर धरत नाही’ म्हणून माळ्यावर पडते आणि त्याच्या जागी नवे घेतले जाते. अशी दोन वाद्ये मी स्वतः माळ्यावरून उतरवली आहेत.

माउथपीसवर कोरलेले आकडे वाचून खरेदी करणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहिले पाहिजे. व्हिन्सेंट बाख यांनी 1918 मध्ये न्यूयॉर्कमध्ये माउथपीस बनवायला सुरुवात केली आणि त्यांच्या क्रमांकांची पद्धत जगभर पसरली. तिच्यात आकडा जितका लहान तितका माउथपीसचा घेर मोठा असतो. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रात अनेक वर्षे पहिला ट्रॉम्बोन वाजवणारे डेनिस विक यांच्या माउथपीसचेही तसेच आहे. यामाहाची पद्धत उलटी आहे. तेथे 48 पेक्षा 51 मोठा. त्याहून फसवे आहे ते इंग्रजी ‘एल’ हे अक्षर. विक यांच्या ‘4 एएल’मधला एल म्हणजे मोठा देठ, ‘6 बीएस’मधला एस म्हणजे लहान देठ, आणि शेवटी वाय असेल तर युफोनियमचा मधला देठ. परंतु बाखच्या ‘साडेसहा एएल’मधल्या एलचा देठाशी काहीच संबंध नाही, तो माउथपीस लहान देठातही मिळतो आणि मोठ्यातही. एका कंपनीचे अक्षर दुसऱ्या कंपनीला लावून माझ्या ओळखीच्या एका तरुणाने मुंबईहून टपालाने माउथपीस मागवला, तो परत घेतला गेला नाही आणि आता त्याच्या कपाटात पेपरवेट म्हणून आहे. तेव्हा वाद्य बरोबर नेता येत नसेल, तर निदान नळीच्या तोंडाचे व्हर्नियरने घेतलेले माप कागदावर लिहून न्यावे. किनाऱ्यावरच्या कोणत्याही बंदरात व्हर्नियर असलेला मिस्त्री सापडतोच.

देठ जुळला की मग मुलाच्या ओठांचा विचार करायचा. क्रम उलटा करू नये. ओठ ज्यावर टेकतात तो माउथपीसचा काठ आतून किती रुंद आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ट्रंपेटचा माउथपीस आतून साधारण साडेसोळा मिलिमीटरचा असतो, ट्रॉम्बोन व युफोनियमचा साधारण 24 ते 27 मिलिमीटरचा. आपल्या खिशातले दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटरचे आहे. ते ओठांवर ठेवून पाहिले तर बेस ट्रॉम्बोनचा माउथपीस केवढा मोठा असतो, याची कल्पना येईल. बाखचा 12 सी साधारण साडेचोवीस मिलिमीटरचा आहे आणि नव्या लहान ट्रॉम्बोनबरोबर बहुधा त्याच मापाचा माउथपीस येतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा ट्रंपेटवरून ट्रॉम्बोनवर आलेल्या वादकाला तो सुरुवातीला ठीक वाटतो. पण पुढे ओठ रुळले, की खालचे सूर भरदार निघत नाहीत आणि थोडा मोठा, साडेसहा एएलच्या आसपासचा, म्हणजे साधारण 25.4 मिलिमीटरचा माउथपीस घ्यावासा वाटतो. युफोनियमला बहुतेकांना 25.4 ते 26 मिलिमीटर मानवतो. येथे एक इशारा द्यायला हवा. हे आकडे वेगवेगळे कारखानदार काठाच्या वेगवेगळ्या खोलीवर मोजतात, म्हणून दोन कंपन्यांचे पाव मिलिमीटरचे फरक तोलत बसण्यात अर्थ नाही. जाड ओठांना मोठा माउथपीस आणि पातळ ओठांना लहान, हा आमच्या बँडमास्तरांचा ठोकताळाही मला फारसा खरा वाटत नाही. मी पातळ ओठांचा आहे आणि 26 मिलिमीटरवर आयुष्य काढले आहे. दातांची ठेवण आणि ओठांचा नेमका कोणता भाग थरथरतो, यावर ते अधिक ठरते, आणि ते वाजवूनच कळते.

युफोनियम आणि ट्रॉम्बोन यांचा माउथपीस एकच चालेल का, असे मला वारंवार विचारले जाते. दोन्ही वाद्ये मूळ काळी पाचची आणि दोघांच्या नळीची लांबीही जवळपास सारखी, साधारण पावणेतीन मीटर. पण ट्रॉम्बोनची नळी बऱ्याच अंतरापर्यंत एकसारख्या जाडीची असते, तर युफोनियमची नळी हळूहळू रुंदावत जाते, आणि युफोनियमचा मऊ, गोल आवाज त्या रुंदावण्यातून येतो. माउथपीसच्या कपाची, म्हणजे काठाच्या आतल्या वाटीची, खोली या स्वभावाला धरून असावी लागते. खोल कपातून आवाज गडद आणि भरलेला येतो, खालचे सूर सहज निघतात, पण वरचे सूर कष्टाने मिळतात. उथळ कपात आवाज उजळ आणि धारदार होतो, वरचे सूर हाताशी येतात, पण युफोनियमवर तोच उथळ कप लावला, तर वाद्य आपला स्वभाव सोडून दबक्या ट्रंपेटसारखे बोलू लागते. देठ जुळत असेल तर एकच माउथपीस दोन्हींवर वाजेल, नाही असे नाही. पण माझे मत विचाराल तर युफोनियमला खोल कप आणि रस्त्यावरच्या ट्रॉम्बोनला मध्यम कप घ्यावा. हळदीच्या मांडवासमोर, बाजूला बेंजो पथकाचे कर्णे लागलेले असताना, ट्रॉम्बोनला थोडी धार असावीच लागते.

याच संदर्भात हल्लीचा एक छंद मला खटकतो. मोबाइलवर परदेशी एकल वादकांचे वादन पाहून मुले त्यांच्याच क्रमांकाचे अवाढव्य माउथपीस मागवतात. तो वादक सभागृहात, खुर्चीवर बसून, वीस मिनिटे वाजवतो. आमचा मुलगा उभ्याने, चालत, चार तास, खाऱ्या वाऱ्यात आणि फटाक्यांच्या धुरात वाजवतो. मोठा माउथपीस अधिक हवा मागतो आणि ओठांच्या स्नायूंवर अधिक भार टाकतो. पहिली तीन गाणी आवाज सुंदर येतो आणि नवरदेव मांडवात पोहोचेपर्यंत मुलाचे ओठ सुन्न होतात. आवाज मोठा करण्यासाठी माउथपीसचा गळा, म्हणजे कपाच्या तळाचे छिद्र, लेथवर मोठे करून घेणारेही आहेत. हे छिद्र साधारण 6 ते 7 मिलिमीटरचे असते आणि त्यातला अर्धा मिलिमीटरही वादकाला जाणवतो. छिद्र एकदा मोठे केले की परत लहान करता येत नाही, म्हणून तसे कोणीही करू नये.

माउथपीस पसंत करताना दोन सूर फुंकून निर्णय घेणे चुकीचे आहे. नव्या माउथपीसवर पहिली पाच मिनिटे सगळ्यांनाच सगळे सोपे वाटते. आधी देठ हलक्या हाताने, किंचित फिरवून बसवावा आणि तो हलतो का ते पाहावे. मग सर्वांत खालचा सूर अगदी हळू आवाजात, एकाच फुंकेत, न अडखळता सुरू होतो का ते बघावे, कारण जोरात फुंकून बेमेलपणा झाकता येतो, हळू वाजवताना झाकता येत नाही. त्यानंतर खालचा, मधला आणि वरचा सा हार्मोनियमशी जुळवून पाहावा. हे सारे वीस मिनिटे वाजवून ओठ थोडे थकल्यावर पुन्हा करावे. नवा माउथपीस घेतला तर निदान दोन आठवडे तोच वापरावा आणि त्या काळात दुसरे काही बदलू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला हे समजत नाही.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. पितळी भांड्याला कल्हई नसेल तर आपण त्यात ताक ठेवत नाही, कारण ते कळकते. मग मुलामा उडालेला उघडा पितळी माउथपीस तासन्‌तास ओठांना लावणे कसे चालते, हे मला कळत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने पेटीत पडलेल्या माउथपीसवर हिरवट थर येतोच. चांदीचा मुलामा शाबूत असलेला माउथपीस घ्यावा, तो कोमट पाण्याने, सौम्य साबणाने आणि बारीक ब्रशने आतून धुवावा, कोरडा करावा आणि कापडी पिशवीत ठेवावा. चिंच, मीठ किंवा भांडी घासायची पूड लावली तर मळाबरोबर मुलामाही जातो. खाऱ्या हवेत माउथपीस वाद्यातच ठेवून दिला तर तो अडकून बसतो. तो पकडीने पिळून काढण्याच्या नादात नळीचा सांधा उखडलेला मी पाहिला आहे. त्यासाठी ओढून काढणारे छोटे यंत्र असते. आमच्या मिस्त्रींनी दोन पट्ट्या आणि दोन लांब बोल्ट यांतून तसे एक बनवून दिले आहे, आणि आता आजूबाजूच्या गावांतले बँडवालेही ते मागून नेतात.

बँडला वाद्ये भेट देणाऱ्या दात्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी खरेदीआधी वाजवणाऱ्याला विचारावे आणि शक्य तर त्याला दुकानात बरोबर न्यावे. वाद्याच्या किमतीपुढे माउथपीसची किंमत किरकोळ असते, पण वाद्य वाजणार की पेटीत राहणार, हे बऱ्याचदा तोच ठरवतो. दुकानदारांनीही पेटीत माउथपीस ठेवण्यापूर्वी तो वाद्यात एकदा बसवून पाहावा. त्याला अर्धे मिनिट लागते. मेरठच्या जली कोठीत पिढ्यान्‌पिढ्या बँडची वाद्ये बनत आली आहेत आणि तेथील कारागिरांना देठाची मापे तोंडपाठ असतात. अडचण कारागिरीत नसून मधल्या हातांत आहे. लहान देठ मोठ्या तोंडात बसवणारी धातूची बाही मिळते. ती कायमचा उपाय नव्हे, पण दोऱ्यापेक्षा कितीतरी बरी.

बँड सोडून गेलेल्या त्या मुलाला मी परत बोलावले आहे. त्याच्या युफोनियमला मोठ्या देठाचा, 25.4 मिलिमीटरचा, खोल कपाचा माउथपीस आणला, आणि तिसऱ्या संध्याकाळी त्याचे दोन्ही सा जुळले. त्याच्या धाकट्या भावाला माळ्यावरचे एक जुने ब्रिटिश युफोनियम दिले आहे. त्याला मधला देठ लागतो, तो मागवला असून अजून हाती आलेला नाही. हळदी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतील. तोवर तो माझा माउथपीस धुऊन वापरतो आणि मी नुसता ऐकत बसतो.

आपला नम्र,
एक युफोनियम वादक
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड